सकाळच्या वेचणीची रेघ

पिंपळधरा, ता. आर्णी
६ नोव्हेंबर २०२५

कौसल्या,

नमस्कार लिहावा की जय भीम, हे ठरवता ठरवता चहा निवून गेला. यातलं काय घ्यायचं ते तू घे. फोन मी तीनदा केला, तिन्ही वेळा माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिलास. म्हणून हे पोस्टाचं. पत्र कोणाचं आहे हे कळायला निदान उघडावं तरी लागतं.

भांडायला लिहीत नाही, काम आहे. माझी भाची समीक्षा तुला आठवत असेल. दादाची मुलगी, दिवाळीत यायची आणि दिवसभर तुझ्या मागे मागे शेतात फिरायची. ती आता नागपूरला संशोधन करते. दहा दिवसांपासून आपल्याकडे मुक्कामाला आहे. माझी सगळी पडवी तिनं वायरींनी भरून टाकली आहे. आमचे बबनराव घरात पाय टाकताना आधी खाली बघतात, मग चप्पल काढतात.

तिनं एक हातमोजा आणला आहे. पातळ रबराचा, आणि बोटाच्या प्रत्येक पेरावर एकेक काळी पट्टी. मी पहिल्याच दिवशी विचारलं, ही काजळी कसली? तर म्हणे ग्राफीन. तुझा विश्वास बसणार नाही, पण ते पेन्सिलीच्या शिशातूनच निघतं. शिसं म्हणजे कार्बनचे थरावर थर. त्यातला एकच थर सुटा केला की ग्राफीन. असले लाखो बारीक पापुद्रे रबरात पसरून ती पट्टी केलेली असते. बोट सरळ असलं की पापुद्रे एकमेकांना टेकलेले असतात आणि वीज सरळ जाते. बोट वाकलं की रबर ताणलं जातं, पापुद्रे एकमेकांपासून सरकतात, विजेला वाट अवघड होते. तेवढ्यानं तिच्या कॉम्प्युटरवर रेघ वर चढते. बोट सरळ केलं की रेघ खाली. मी अर्धा तास नुसती करंगळी हलवत बसले होते. भाजी करपली, ती सगळ्यांनी गुपचूप खाल्ली.

हे सगळं कशासाठी, तर तिच्याकडे तीन बोटांचा एक रबरी हात आहे. त्याच्याही बोटांत याच पट्ट्या, म्हणजे आपण किती वाकलो हे त्याचं त्याला कळतं. त्या हाताला कापूस वेचायला शिकवायचं आहे, आणि ते बायांच्या हातांकडून. तुळसाबाईनं मोजा घालून दोन तास वेचले. बिजलीबाईनं, नलूनंही. मग समीक्षानं विचारलं, या गावात सगळ्यात चांगला हात कोणाचा? कोणी बोलेना. शेवटी तुळसाबाई म्हणाली, कौसल्याचा. आणि माझ्याकडे पाहिलं.

तर ये. दोन दिवस ये. मागचं जे झालं ते झालं. मी फक्त विचारलं होतं, कापूस ओला का म्हणून. तू मनाला लावून घेतलंस. सहा वर्षं हा काही थोडा काळ नाही, आता आपण दोघीही साठीच्या आहोत.

विमल


१३ नोव्हेंबर

कौसल्या,

तुझ्या संघदीपचा फोन आला होता. माझ्या नव्हे, बबनरावांच्या फोनवर. पोरगा हुशार आहे. पत्र भेटलं एवढं सांगून तो म्हणाला, आई एक गोष्ट विचारून राह्यली, यंत्र वेचाले शिकलं तं बाया काय करतीन?

येणार की नाही ते नाहीच. पण प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर देते. हाच प्रश्न मी समीक्षाला विचारला. मला वाटलं ती काहीतरी गोड बोलेल, शिकलेली माणसं बोलतात तसं. तिनं हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाली, आत्या, मला माहीत नाही. वेचायला बाया मिळत नाहीत असं सगळे शेतकरी म्हणतात, आणि वेचणीशिवाय आम्हाला दुसरं काम नाही असं सगळ्या बाया म्हणतात. दोन्ही खरं आहे. हात कोणाचा तरी वापरला जाणारच, तर ज्याचा वापरला त्याचं नाव त्या कामावर असावं एवढं माझ्या हातात आहे. तिच्या कागदांवर तुळसाबाईचं पूर्ण नाव लिहिलेलं मी पाहिलं. तुळसाबाईनंही पाहिलं, आणि आडनावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली.

तसंही त्या रबरी हाताची तुला एवढ्यात धास्ती नको. काल दुपारी त्याला शेतात उभा केला. बोंडाजवळ गेला, तीन बोटं मिटली आणि कापसाबरोबर बोंडाभोवतीचं सुकं पान चुरडून सगळा चुरा कापसात. बबनराव म्हणाले, असा कापूस तर माकडही वेचून देईल. समीक्षाला राग आला, पण तिनं तेही वहीत लिहून घेतलं.

माझं म्हणशील तर मला नाद लागला आहे. एक जादा पट्टी मी मागून घेतली आहे. ती कुठेही चिकटवता येते. गुडघ्यावर लावली तर जिना चढताना कुठल्या पायरीला दुखतं ते दिसतं. बबनरावांच्या पोटावर लावली आणि ते दुपारी झोपले, तर प्रत्येक घोरण्याला डोंगर. मी त्यांना उठवून दाखवला, ते म्हणाले हा माझा नाहीच.

मग मी ती गळ्यावर लावली. चहाचा घोट घेतला की एक उंचवटा, बोललं की बारीक थरथर. मी गप्प बसले तरी रेघ मध्येच उठली. समीक्षा म्हणाली, आत्या, तू काहीतरी बोलणार होतीस आणि गिळलंस. काय होतं ते? मी म्हणाले, काही नाही, खोकला. तिनं खोकल्याची रेघ मला काढून दाखवली. ती वेगळी असते.

पट्टी काढून ठेवली आहे. तू ये म्हणजे झालं.

विमल


२० नोव्हेंबर

कौसल्या,

आज बातमी आहे, आणि ती तुझ्या भल्याची आहे.

समीक्षानं सगळ्यांच्या रेघा शेजारी शेजारी लावून पाहिल्या. दुपारी वेचलेल्या एकेका बोंडाला तीन तीन उंचवटे. बोटं आत जातात, अडखळतात, सुकं पान बाजूला करतात, पुन्हा आत जातात. आणि तुळसाबाईच्या एका सकाळच्या वेचणीत प्रत्येक बोंडाला एकच उंचवटा. नीट, सारखा. एकदा आत, एकदा बाहेर. ती त्या दिवशी दिवस उगवायच्या आधी गेली होती. दव पडलेलं असतं तेव्हा ते पान ओलं आणि मऊ असतं, चुरडत नाही, कापसाला चिकटत नाही. कापूस नुसता हाताला येतो.

तुळसाबाईला विचारलं की हे तुला कोणी शिकवलं. तिनं तुझं नाव घेतलं. म्हणाली, कौसल्या सकाळी पाचला कपाशीच्या ओळीत, तिच्या तासात राहे, आमी घरचं आवरून दहाला जाऊ. तिच्या कापसात काडी नसे.

मग समीक्षानं त्या एका सकाळच्या रेघेवरून रबरी हाताला शिकवलं आणि आज पहाटे शेतात नेला. सहा बोंडं वेचली त्यानं. कापूस तळहातावर घेऊन पाहिला, एक कण कचरा नाही. मी स्वतः पाहिलं. मला आनंद झाला, आणि का कोणास ठाऊक, रडू आलं.

तर सांगायचं हे की आता यंत्रानंच सिद्ध केलं. त्या दिवशी तुझा कापूस ओला होता तो दवानं. तू तेव्हा म्हणाली होतीस, दव आहे बाई. तू बरोबर होतीस आणि मी चुकले. वेचणी किलोवर असते, पाणी मारून वजन वाढवणारे असतात, म्हणून मला शंका आली. माणूस आहे, चुकतो. यंत्र नसतं तर कळलंही नसतं.

आता तरी राग सोड. समीक्षा ३० तारखेला नागपूरला परत जाणार आहे. तुझ्या हाताची रेघ पाहायची तिला फार उत्सुकता आहे. मलाही आहे.

विमल


२८ नोव्हेंबर

कौसल्या,

तुझं कार्ड आलं. एका ओळीचं. पोस्टमननं हातात देताना वाचलंच असणार, कारण त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं नाही.

"बाई, यंत्राले आता समजलं. तुमाले कवा समजलं?"

चार दिवस ते कार्ड मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं. या चार दिवसांत तीन पत्रं लिहिली आणि फाडली. एकात तब्येतीचं, एकात पावसाचं. तिसऱ्यात मी तुलाच उलट विचारलं होतं की असं का विचारतेस. बरं झालं फाडलं.

दुसऱ्या दिवशी समजलं. हे उत्तर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला.

आता सगळं सांगते. मागची पत्रं वाचून तुला हसू आलं असेल, कारण तू तिथे होतीस. वेचणीच्या आरंभाची सीतादह्याची पूजा होऊन चौथा दिवस होता. पहिल्या वेचणीला मी शेतात दहीभात ठेवायचे तेव्हा तू बाजूला कमरेला वेचणीची ओटी बांधून उभी राहायचीस, आणि माझा हात निघाला की पहिलं बोंड तूच वेचायचीस. पूजा तुझी नव्हती, पण सुरुवात तुझी. लग्न होऊन आपण या गावात एकाच साली आलो तेव्हापासूनची रीत. त्या चौथ्या दिवशी दुपारी बाराला वजनाच्या काट्यावर मी तुझ्या गाठोड्यात हात घातला आणि तळाशी गार लागलं. मी "कापूस ओला का" असं विचारलं नव्हतं. अकरा बायांसमोर मी म्हणाले, पाणी मारलंस. तू म्हणालीस, दव आहे बाई. मग मी दुसरं वाक्य बोलले. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, तिसऱ्यातही नाही. म्हणाले, तुमच्या लोकांचं हे असंच, कितीही विश्वास टाका.

तू गाठोडं सोडलंस, सगळा कापूस माझ्या पायाशी ओतलास, फडकं झटकून घडी केलीस आणि गेलीस. धर्मपाल, तुझे मालक, तेव्हा हयात होते. संध्याकाळी ते घरी येतील, भांडतील, असं मला वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. कोणी आलं नाही.

रात्रभर मला ते गार लागणं हाताला जाणवत होतं. पहाटे मी कोणाला न सांगता तुझ्या तासात गेले. बोंडाला हात लावला आणि मनगटापर्यंत भिजले. दोन्ही हातांनी आठ-दहा बोंडं काढली. सगळी ओली, सगळी स्वच्छ. मी बांधावर बसून राहिले. मग घरी आले, हात पुसले, चहा केला.

का बोलले नाही? पाण्याचं मी कबूल केलं असतं. पाण्याची चूक ही चूक म्हणून चालून जाते. पण ते कबूल केलं असतं तर ते दुसरं वाक्य तिथेच उघडं पडलं असतं. ते चुकून आलं नव्हतं. ते माझ्यात आधीपासून होतं. तीस वर्षं तुझ्याबरोबर शेतात जेवले, तरी तू तुझ्या डब्यातलं मला आणि मी माझ्या डब्यातलं तुला, यात माझं देणं नेहमी वरून असायचं आणि घेणं कधीच नसायचं. तुला हे ठाऊक होतं. मला त्या बांधावर कळलं. कळल्यावरही मी तुझ्या घरापर्यंतची दोनशे पावलं चालले नाही. उन्हाळ्यात तू संघदीपकडे उमरखेडला निघून गेलीस, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहिते.

आणि ते शोधून काढलं समीक्षानं, हेही खोटं. ती तुळसाबाईची सकाळची मोजणी फेकून देणार होती. रेघा इतक्या सपाट आणि सारख्या होत्या की मोजा ओला होऊन पट्ट्या बिघडल्या असं तिला वाटलं. मी म्हणाले, फेकू नकोस, सकाळी कापूस ओलाच असतो आणि हात असाच चालतो. ती म्हणाली, तुला कसं माहीत आत्या, तू तर कधी वेचायला जात नाहीस. मी तिला सांगितलं नाही. तुला आज सांगितलं.

मोज्यासाठी तुझा हात मागत नाही आता. समीक्षालाही सांगितलं की तू येणार नाहीस आणि का येणार नाहीस. सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. तिनं मोजा घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, आत्या, हे तू मला सांगून काय उपयोग?

विमल


२ डिसेंबर

कौसल्या,

काल दुपारी बाराला काट्यावर मी बायांना थांबवलं. समीक्षा आदल्या दिवशी नागपूरला गेली, त्यामुळे मोजा नाही, कॉम्प्युटर नाही, काही नाही. बबनराव काटा धरायला होते. त्यांना मी आधी सांगितलं नव्हतं, नाहीतर त्यांनी मला समजावलं असतं.

तेव्हाच्या अकरांपैकी सातजणी आज आहेत. मी म्हणाले, सहा वर्षांपूर्वी इथेच मी कौसल्याला चोर म्हणाले. तो कापूस दवानं ओला होता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि मी गप्प बसले. आणि तिच्या लोकांबद्दल जे बोलले ते खोटं होतं आणि नीच होतं. गळ्यावर पट्टी असती तर काय दिसलं असतं, असा वेड्यासारखा विचारही मध्येच आला.

बाया खाली पाहत होत्या. मला वाटलं होतं, त्या चिडतील, निदान एखादी तरी मला चार शब्द सुनावेल. त्याचीच मी वाट पाहत होते. तुळसाबाई म्हणाली, "आमाले तवाच ठाऊक होतं बाई. दव काय असतं ते आमाले नाई समजत का? आमी सगळ्या चूप राह्यलो. दुसऱ्या दिवशी कामावर यायचं होतं."

तेवढंच. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रडायला लागली. बिजलीबाई तिला धरून खाली बसली. मी उभीच होते. सहा वर्षं मला वाटत होतं की हे माझ्या एकटीच्या पोटात आहे. माझ्या गप्प बसण्यानं अकरा बायांना गप्प बसवलं होतं, आणि त्या रोज माझ्यासमोरून, तुझ्या रिकाम्या तासावरून वेचत जात होत्या.

मी म्हणाले, मी उमरखेडला जाते. तुळसाबाई म्हणाली, एकल्या नोका जाऊ, आमीबी येतो. नलू म्हणाली, मीपण. बबनराव म्हणाले, ऐन वेचणीत? कापूस फुटून उभा आहे. कोणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते काटा उचलून घरी गेले. संध्याकाळी मात्र त्यांनी एसटीचं वेळापत्रक विचारून आणलं.

शनिवारी सहा डिसेंबर. तू विहारात असशील, आणि तो दिवस माझ्या रडण्यासाठी नाही. म्हणून सोमवारी, आठ तारखेला, सकाळच्या साडेसातच्या गाडीनं आम्ही आठजणी निघतो. मोजा आणत नाही. काही मागायला येत नाही. जे काट्यावर बोलले ते तुझ्या दारात, तुझ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचं आहे. त्यानंतर तू जे बोलशील ते उभ्यानं ऐकायचं आहे.

दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर आम्ही दुपारच्या गाडीनं परत येऊ, आठवडाभर वेचू, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा निघू.

विमल